बॉम जेझुसमधील दुसरा झेवियर

चांगी बिझनेस पार्कमधील मराठी मंडळी सुट्टीत गोव्याला गेली, की जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेत जाऊन येतात. सर्वांची पावले वळतात ती संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चांदीच्या पेटीकडे. पण दारातून आत शिरताच, गायनसज्जाखाली डाव्या हाताला, याच संताची उत्कृष्ट कोरीव काष्ठमूर्ती आहे. ती बहुधा नजरेतून सुटते.

सिंगापूरकरांना हा संत अगदीच परका नाही. जुलै १५५२ मध्ये चीनकडे जाताना त्यांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पत्रे लिहिली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्यांचे निधन झाले, आणि १५५४ मध्ये त्यांचा देह मलाक्कामार्गे गोव्यात आला.

बरोक परंपरेतील रंगीत काष्ठमूर्तीत लाकूड हा आतला देह; दिसते ते त्यावरचे कातडे. कोरलेल्या लाकडावर प्रथम सरसाचा हात, मग सरसात कालवलेल्या खडूचे लेप. वस्त्रांच्या जागी तांबडी माती, तीवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर रंग. हा रंग टोकदार काडीने नक्षीत खरवडला, की खालचे सोने उघडे पडते आणि लाकडाला भरजरी कापडाची कळा येते. पोर्तुगीज या कामाला ‘एस्तोफादो’ म्हणतात. चेहरा व हात मात्र तैलरंगात, सजीव कातडीसारखे.

गोव्यात हे काम करणारे हात पुष्कळदा स्थानिकच होते. १५६७ च्या धर्मसभेने ख्रिस्ती प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. प्रथाच नसती, तर मनाई कशाला लागली असती?

आज अशा मूर्तींना वाळवीइतकाच धोका भक्तीचा आहे. दमट हवेत लाकूड फुगते व आकसते, लेप तसा ताणला जात नाही आणि पापुद्रे सुटतात. मग उत्सवापूर्वी कोणी श्रद्धेने बाजारातला ऑइलपेंट फासतो आणि जुनी नक्षी त्याखाली गाडली जाते. देवमूर्तींच्या वज्रलेपावरून होणारे वाद ऐकलेल्यांना ही अडचण नवी नाही: पूजेची मूर्ती नवी दिसावी, की होती तशी राहावी? जाणकार संरक्षक नवा रंग देण्याआधी सुटलेला पापुद्रा जागच्या जागी चिकटवतो. वरचा परका थर काढायचाच झाला, तर तो शस्त्रक्रियेच्या चाकूने कणाकणाने काढतो.

सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय तेथून थोड्याच अंतरावर आहे. तेथील मूर्ती पाहताना चेहऱ्याआधी झग्याची काठ पाहावी. रंग उडाला असेल तेथे सोने, तांबडी माती, पांढरा लेप आणि शेवटी लाकूड, असे थर एकाखाली एक दिसू शकतात.