नोंदणीचे काम आणि निर्णयाचा भार : बल्लारपूर परिसराच्या संदर्भात

बल्लारपूरसारख्या औद्योगिक नगरात पाळीच्या कामाने थकलेला कामगार, तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक आणि पदव्युत्तर परीक्षा देऊन नेमणुकीची वाट पाहणारा विद्यार्थी या तिघांच्याही मनात एक विचार पुन्हा पुन्हा येतो : संगणकावर माहिती भरण्याचे, म्हणजे डेटा एन्ट्रीचे, एखादे काम मिळाले तर बरे. पगार थोडा असला तरी डोक्याला ताप नाही. समोरचा कागद पाहावा, कळा दाबाव्यात आणि वेळ संपताच घरी जावे. या विचारामागे एक गृहीत आहे. ज्या कामात निर्णय घ्यावा लागत नाही ते काम कमी ताणाचे असते आणि माहिती भरण्याचे काम तसे आहे, हे ते गृहीत होय. या गृहीताचे दोन्ही भाग तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पहिला भाग घेऊ. निर्णय नसला म्हणजे ताण नसतो काय? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केला. स्वीडन व अमेरिका येथील कामगारांच्या माहितीवरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, कामाचा ताण केवळ कामाच्या ओझ्यावर ठरत नाही. ते ओझे पेलताना कामगाराच्या हाती निर्णयाचे स्वातंत्र्य किती असते, यावर तो ठरतो. या दोन घटकांच्या संयोगातून कामाचे चार प्रकार संभवतात. ओझे मोठे व स्वातंत्र्य अल्प असेल तर ताण सर्वाधिक. ओझे मोठे पण स्वातंत्र्यही मोठे असेल तर काम सक्रिय. त्यात माणूस थकतो, पण शिकतो. ओझे कमी व स्वातंत्र्य पुरेसे असेल तर ताण सर्वांत कमी. आणि दोन्ही कमी असतील तर काम निष्क्रिय. त्यात ताण फारसा जाणवत नाही, परंतु अंगी असलेले कौशल्य हळूहळू झडत जाते. नोंदणीच्या कामाची इच्छा धरणारा मनुष्य तिसऱ्या प्रकाराची अपेक्षा करीत असतो. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला चौथा किंवा पहिला प्रकार येण्याचा संभव अधिक.

इंग्लंडमधील शासकीय सेवकांच्या पाहणीचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखली जाणारी ही पाहणी १९६७ साली सुरू झाली. दहा वर्षांच्या निरीक्षणानंतर मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली असे दाखवून दिले की, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ प्रशासकांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील सेवकांमध्ये सुमारे तिप्पट होते. धूम्रपानादी कारणे हिशेबात घेऊनही या फरकाचा काही भागच उलगडत होता. १९८५ साली आरंभिलेल्या दुसऱ्या पाहणीत, आपल्या कामावर आपले नियंत्रण नसणे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण असल्याचे आढळून आले. म्हणजे जबाबदारीची खुर्ची माणसाला मारते आणि साधी खुर्ची त्याला तारते, ही लोकसमजूत निदान तेथे तरी खरी ठरली नाही.

आता गृहीताचा दुसरा भाग. माहिती भरणे म्हणजे निर्णयरहित नक्कल होय काय? येथे भाषेच्या अभ्यासकाला काही सांगण्यासारखे आहे आणि त्यासाठी बल्लारपूरचा परिसर फार उपयुक्त आहे.

नगराच्या नावापासूनच आरंभ करता येईल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्याशी परंपरेने जोडलेल्या या नगराचे नाव ‘बल्लारपूर’. पण तेथील रेल्वेस्थानक ‘बल्हारशाह’. लोक ‘बल्लारशा’ म्हणतात आणि लिहिताना ‘बल्लारशाह’ असेही लिहितात. जिल्ह्याचे नाव १९६४ पर्यंत ‘चांदा’ होते, नंतर ते ‘चंद्रपूर’ झाले. १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. एखाद्या वृद्धाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा चांदा’ असे असेल आणि तो आज गडचिरोली जिल्ह्यातील गावी राहत असेल, तर संगणकाच्या चौकटीत जन्मजिल्हा कोणता भरावा? कागदाची नक्कल करावी तर यादीत ‘चांदा’ नाही. यादीतील नाव निवडावे तर ‘चंद्रपूर’ की ‘गडचिरोली’, हे ठरविणे आले. हा निर्णयच आहे आणि तो कळफलकापुढे बसलेला मनुष्य काही क्षणांत घेत असतो.

व्यक्तिनामांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी व बंगाली बोलणाऱ्यांची वस्ती आहे. नाव एका भाषेत उच्चारले जाते, दुसऱ्या भाषेच्या कानाने ऐकले जाते आणि पुष्कळदा रोमन लिपीच्या वाटेने पुन्हा देवनागरीत येते. रोमन लिपीत ‘त’ व ‘ट’ यांना एकच अक्षर. ‘द’ व ‘ड’ यांनाही एकच. ऱ्हस्व ‘अ’ व दीर्घ ‘आ’ यांचा भेदही बहुधा लुप्त. त्यामुळे ‘आत्राम’ हे आडनाव रोमनमध्ये जाऊन परत येताना ‘अत्राम’ किंवा ‘अट्राम’ होऊ शकते. ‘मडावी’चे ‘मदावी’ वा ‘माडावी’ होऊ शकते. गावांच्या बाबतीतही हेच घडते : ‘आलापल्ली’ व ‘अल्लापल्ली’ ही एकाच गावाच्या नावाची दोन रूपे लेखनात आढळतात.

हे भेद भाषावैज्ञानिकाला कुतूहलाचे वाटतात. ज्याचे नाव आहे त्याला ते महाग पडतात. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दावा करणाऱ्या कुटुंबाला अनेक कागद एकत्र जोडावे लागतात. याच कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि देशातील आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. शिधापत्रिका, जातीचा दाखला, आधार आणि बँकेचे खाते यांवरील नावे परस्परांशी जुळली नाहीत तर अर्ज अडतो, रक्कम परत जाते आणि मजुराला बुडालेल्या मजुरीनिशी तालुक्याच्या ठिकाणी फेऱ्या घालाव्या लागतात. एका मात्रेचा निर्णय एवढ्या दूरवर पोहोचतो.

यंत्राच्या आतही लेखनाचे निर्णय दडलेले असतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद प्रत्येक मराठी वाचक जाणतो. युनिकोडच्या व्यवस्थेत या दुसऱ्या शब्दातील अर्धा ‘र’ दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित करता येतो : एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका रीतीने नोंदविले आणि दुसऱ्या रीतीने शोधले, तर विशेष तजवीज नसलेले यंत्र ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर देते. गतीच्या मोजणीतही असाच घोळ आहे. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० व इंग्रजीत ४० शब्दांची गती अपेक्षित असते. परंतु ‘क्षेत्र’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसणारा शब्द युनिकोडमध्ये सात संकेतांचा बनतो. जोडाक्षरांनी भरलेला महसुली मजकूर आणि साधा पत्रव्यवहार यांना एकच माप लावले, तर कष्टाचा हिशेब चुकणारच.

तेव्हा नोंदणीचे काम निर्णयरहित नाही. त्यात निर्णय आहेत, परंतु ते निर्णय म्हणून मान्य केलेले नाहीत, ही त्यातील खरी अडचण होय. पदनामांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘चिटणीस’, ‘फडणीस’ या शब्दांतील अन्त्य घटक फार्सी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, यापासून आला आहे. ही लिहिणाऱ्यांचीच पदे होती, पण त्यांत अधिकार होता. ‘कारकून’ हाही फार्सी शब्द. त्याचा मूळ अर्थ काम करणारा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषेतून ‘लिपिक’, ‘टंकलेखक’ ही नावे कार्यालयांत स्थिरावली. त्यांत लेखन उरले, अधिकार ओसरला. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणासाठी २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पात नेमलेल्यांना ‘संगणक परिचालक’ हे नाव मिळाले. या नावात तर लेखनही नाही. आहे ते केवळ यंत्र चालविणे. या परिचालकांच्या नेमणुका कंत्राटी व मानधनाच्या होत्या आणि मानधन व सेवाशर्ती यांसाठी त्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली, ही गोष्ट त्या नावाशी विसंगत नाही. जे काम नावातच दिसत नाही, त्याचे मोल तरी कसे दिसावे?

याचा अर्थ असा नव्हे की हे काम कोणी पत्करू नये. कागद गिरणीतील किंवा कोळसा खाणीतील रात्रपाळी सोडून दिवसाच्या ठरावीक वेळेचे, सावलीत बसून करावयाचे काम मिळणे हा अनेकांच्या बाबतीत खराखुरा दिलासा आहे. शरीराची झोप व घराची घडी ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मात्र बदल करण्यापूर्वी काही प्रश्न विचारून घेणे हिताचे ठरेल. मोबदला वेळेवर मिळणार की भरलेल्या नोंदींच्या संख्येवर? संख्येवर असेल तर काम पहिल्या, म्हणजे सर्वाधिक ताणाच्या, प्रकारात मोडते. मनगट, मान व डोळे यांची झीजही त्यातच अधिक. संशयास्पद नोंद बाजूला ठेवण्याची मुभा आहे काय, आणि ती सोडविणारा कोणी वरिष्ठ आहे काय? चूक निघाल्यास ती कोणाच्या नावे लागते? नेमणूक कार्यालयाची की कंत्राटदाराची? आणि कामाआधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते काय? घरबसल्या माहिती भरण्याच्या जाहिरातींत हे शुल्क मागितले गेले, की ती बहुधा फसवणूक असते. पैसे गेल्यावर ‘अचूकता कमी पडली’ म्हणून करारभंगाची धमकी देणे हा तिचा पुढचा टप्पा असतो.

आणखी एका गोष्टीचा विचार पदव्युत्तर विद्यार्थ्याने विशेषेकरून करावा. छापील मजकूर आता यंत्र स्वतः वाचू लागले आहे आणि पुष्कळ अर्ज अर्जदारच भरतो. निव्वळ नकलेचा भाग त्यामुळे आटत जाणार. मागे राहतील त्या न जुळणाऱ्या, धूसर, दोन भाषांच्या सीमेवरील नोंदी. अशा नोंदी सोडविण्यास भाषेचे ज्ञान लागते. या परिसरातील आडनावांची व ग्रामनामांची पर्यायी रूपे एकत्र करून त्यांच्या सूची तयार करणे, कोणत्या ध्वनिभेदामुळे कोणता लेखनभेद उद्भवतो याचे नियम मांडणे आणि नाव नोंदविताना ते नावाच्या धन्याला मोठ्याने वाचून दाखविण्याची पद्धत रूढ करणे, ही कामे भाषेच्या विद्यार्थ्याला करण्याजोगी आहेत. तसे झाल्यास कळफलकापुढील माणसाच्या हाती थोडा अधिकार येईल आणि कारासेक यांच्या मांडणीनुसार त्याचा ताणही त्या प्रमाणात उतरेल.

तात्पर्य, ‘कमी ताणाचे काम’ हा कामाचा अंगभूत गुण नसून काम व अधिकार यांच्या संबंधाचा गुण आहे. निर्णय टाळता येतात या आशेने जो या कामाकडे वळेल त्याची निराशा होईल. निर्णय येथेही आहेत, ते दुसऱ्यांच्या नावांविषयीचे आहेत, हे ओळखून जो वळेल त्याला हे काम थोडेबहुत स्वास्थ्य देऊ शकेल आणि एखाद्या आत्राम किंवा मडावी कुटुंबाची तालुक्याची एक फेरी वाचवू शकेल.