स्मार्ट घराचा ताबा

सुरतेत वेसू, पाल, अडाजण या भागांतल्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘स्मार्ट होम’ हे शब्द आता सर्रास दिसतात. दिवे, पंखे, एसी, गीझर सगळं फोनवरून चालतं, म्हणून घेणाऱ्यालाही ते हवंसं वाटतं. चार-पाच वर्षांनी मात्र जुनं ॲप अडखळायला लागतं, नवीन उपकरण त्याच्याशी जुळत नाही आणि घरात प्लॅटफॉर्म बदलायची चर्चा सुरू होते. ती बहुतेक वेळा अलेक्सा बरं की गुगल होम, याच वळणावर जाते. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. इंटरनेट नसताना आणि कंपनीचा सर्व्हर बंद असताना घर किती चालेल, हे आधी पाहायला हवं. अनेक स्वस्त वाय-फाय उपकरणांत फोनवर बटण दाबलं की ती आज्ञा आधी दूरच्या सर्व्हरकडे जाते, तिथून परत येते आणि मग हाताच्या अंतरावरचा दिवा लागतो. बदल करायचाच, तर ही परावलंबी वाट बदलावी.

ही भीती काल्पनिक नाही. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचं सुमारे 300 डॉलरचं हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र जोडणारं यंत्र, बनवणारी कंपनी गुगलच्या ‘नेस्ट’ने 2014 मध्ये घेतली आणि 2016 च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली, धडधाकट यंत्रं निकामी झाली. एप्रिल 2022 मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. भिंतीवरची बटणं चालत होती, पण ॲप मुकं झालं. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. कंपनी बुडाली नाही तरी इंटरनेट जाऊ शकतं. ऑगस्ट 2015 मध्ये पाटीदार आंदोलन चिघळलं तेव्हा सुरतेसह गुजरातभर मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद होतं. ज्या घराचा सगळा कारभार मोबाइल डेटावर चालतो, त्या घराने अशा दिवसांत काय करायचं?

मोठी कंपनी निवडली की काळजी मिटली, असं बरेच जण म्हणतात. पण गुगलनेच ऑक्टोबर 2025 मध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचं ॲपवरचं नियंत्रण काढून घेतलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2013 पासून विकसित होत असलेलं ‘होम असिस्टंट’ हे मुक्त सॉफ्टवेअर घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं, पण ते बसवायला वेळ आणि चिकाटी लागते. वायरमन ते करून देत नाही. हे खरं आहे, आणि प्रत्येकाने तेच घ्यावं असं मी म्हणणार नाही. मधला रस्ता ‘मॅटर’ या मानकाने दिला आहे. ॲमेझॉन, ॲपल, गुगल, सॅमसंग या स्पर्धकांच्या सहभागातून त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2022 मध्ये आली. या मानकाच्या उपकरणाला आज्ञा घरच्या नेटवर्कमधूनच देता येते आणि एकच उपकरण एकाच वेळी दोन प्लॅटफॉर्मना जोडता येतं. त्यामुळे जुनी व्यवस्था चालू ठेवून एकेक खोली नव्या व्यवस्थेत आणता येते. ‘झिगबी’ या आधीच्या बिनतारी मानकाचं तसं नाही. झिगबीचा बल्ब एका वेळी एकाच हबशी बांधलेला असतो. तो रीसेट करून नव्याने जोडावा लागतो आणि जुन्या हबमधल्या वेळा, ‘सीन’, नावं सगळं पुन्हा भरावं लागतं. या कामाला खरा वेळ जातो, म्हणून सुरुवात कमी वापराच्या खोलीपासून करावी.

स्विचबोर्डच्या मागे बसवायचं स्मार्ट मॉड्यूल घेताना एक अट सोडू नये: भिंतीवरचं साधं बटण ॲपशिवाय चाललंच पाहिजे. घरातल्या आजीला रात्री उठल्यावर दिवा लावायला फोन शोधावा लागत असेल, तर ती सोय कसली? आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. यंत्रणेचं मुख्य खातं अनेकदा बसवणाऱ्या माणसाच्या ईमेलवर उघडलेलं असतं. मग फ्लॅट आपला, पण कोणाला प्रवेश द्यायचा हे तो ठरवतो, आणि प्लॅटफॉर्म बदलताना त्याच्याच मागे फिरावं लागतं. म्हणून ताबा घेताना किल्ल्यांबरोबर ते खातं, त्याचा पासवर्ड आणि उपकरणांचे जोडणी-कोड लेखी मागून घ्या. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी बिल्डरच्या माणसासमोर राउटर बंद करून प्रत्येक खोलीतलं प्रत्येक बटण दाबून पाहा.