पंखा बंदच बरा!

पोटाची भूक दोन भाकरींत भागते. मानाची भूक मात्र हार, शाल आणि गुलाबपुष्प पचवूनही शिल्लक राहते. आम्ही कारकुनी पेशाचे, त्यामुळे जमाखर्च मांडायची सवय. पण या भुकेचा ताळेबंद काही केल्या जुळत नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात जयंतीची वर्गणी गोळा करणे सोपे, पत्रिका छापणे अवघड. वर्गणीत शंभर रुपये कमी पडले तर माणूस सांभाळून घेतो. पत्रिकेत नाव दोन ओळी खाली गेले तर मात्र घेत नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक असे सगळे करूनही जो उरतो, तो 'विशेष सहकार्य'! फ्लेक्स आल्यापासून तर फोटोचा आकारही मोजला जातो. पंचवीस वर्षे एका ताटात जेवलेले मित्र फोटोच्या दोन इंचांवरून बोलणे टाकतात. इंच दोन, अबोला दोन वर्षांचा. एकाच्या घरी मयत झाली तरी दुसरा उंबऱ्यापर्यंत येत नाही.

घरातही तेच. लग्नात दिलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचे नाव घातलेले असते. पातेले चेपते, नाव शाबूत राहते. विहाराला पंखा दिला की त्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, म्हणून ऐन वैशाखातही दात्याला पंखा बंदच बरा वाटतो!

वाचकहो, ही हौस आजची नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतले शिलालेख म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या देणगीदारांची यादीच. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी मानमोडीच्या डोंगरात टाके आणि मंडप दिला. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदताचे नाव आहे. त्यांनाही नाव हवेच होते, नाहीतर कातळावर छिन्नी कशाला चालवली असती?

पण फरक पाहा. लेख दोन-चार ओळींचा. नाव, गाव किंवा बाप, काय दिले, संपले. नावाआधी 'कर्तव्यदक्ष' नाही, नंतर 'यांचे शुभहस्ते' नाही. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले, त्या लेखात तर नाव फक्त श्रेणीचे. कोणाचे आधी, कोणाचे नंतर, हा प्रश्नच मिटला. ज्यांनी पाणी, सावली आणि जेवणाची जागा दिली, त्यांचे नाव टिकले.

नावाची आणखी एक गंमत आंबेगाव तालुक्यात पाहावी. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला, गाव पाण्यात, नाव तेवढे कागदावर. आणि त्या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूंचे. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि प्राणाला मुकला. आपले नाव कुठे छापून येईल, हे पाहायला तो थांबला नव्हता.

मग आपल्याला पंखा सुरू करायला सांगणार कोण? बायको सांगते, पण तिचे ऐकायचे नाही हा पुरुषांचा जुना ठराव. राहिला मित्र. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला मित्राच्या वेषातले चार वैरी सांगितले. त्यांत तोंडावर स्तुती करणारा आणि पाठीमागे निंदा करणारा एक आहे. फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून खाली ज्यांची रांग लागते, त्यांत असे किती, हे ज्याचे त्याने मोजावे. चांगली मैत्री म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग, असे आनंद म्हणाला, तेव्हा बुद्धांनी त्याला दुरुस्त केले आणि अर्धा नव्हे, सगळाच, असे सांगितले. कल्याणमित्र चारचौघांत आपली बाजू घेतो आणि एकट्यात आपले कान धरतो. असा एक जरी असला तरी माणूस श्रीमंत. त्याला दोन इंचांसाठी गमावणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार, एवढे बी.कॉम.ला आम्हीही शिकलो.

तेव्हा ज्यांचा अबोला चालू आहे, त्यांनी यंदाची पत्रिका छापखान्यात जाण्याआधी एकमेकांच्या घरी चहाला जावे. आणि समितीने सगळी नावे बाराखडीप्रमाणे लावावीत. ज्यांचे नाव 'ज्ञ'पासून सुरू होते, त्यांनी तक्रार आईवडिलांकडे करावी, समितीकडे नको.