पुसलेली बेगम, उरलेली लेक

लेखमाला : चित्रकथांतलं युद्ध (भाग सहावा)

युद्धाच्या चित्रकथांत बाईला कुठे उभं करतात, हे पाहायला अमेरिकेआधी नगरच्या निजामशाहीत जावं लागतं.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही आफताबी नावाच्या कवीची सचित्र फारसी पोथी आहे. १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला, त्यात अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने गाजवलेला पराक्रम तिच्यात गायला आहे. कॉमिक्स जन्मायच्या कितीतरी आधीची ही युद्धाची चित्रकथाच. तिच्यात हुसेनशहाच्या शेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूं रंगवलेली होती. आज बहुतेक चित्रांत त्या जागी रंगाचा नुसता डाग दिसतो. सुलतान शाबूत आहे, सेवक शाबूत आहेत, बेगम तेवढी पुसलेली.

त्याच वर्षी हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून राज्याचा गाडा बेगमेने हाकला. काही वर्षांनी त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. चित्रं त्यानंतर पुसली असावीत, असं अभ्यासक मानतात. एका चित्रात मात्र ती वाचली. सुंदरीच्या स्पर्शाने झाड फुलतं, या दोहदाच्या संकेतावरचं ते चित्र. म्हणजे झाड फुलवणारी बाई चालली, राजाशेजारी बसणारी खुपली!

तिची लेक चांदबिबी. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती बुरखा घेऊन, नंगी तलवार हाती धरून खिंडारापाशी आली आणि रातोरात तट बांधून काढला. चित्रकाराला याहून काय हवं? अमर चित्र कथेनेही तिच्यावर अंक काढला.

याच मालिकेतली झाशीची राणी आणि राणी दुर्गावती तिच्याशेजारी ठेवून वाचा. लक्ष्मीबाई लढते दामोदररावासाठी, दुर्गावती वीर नारायणासाठी, चांदबिबी भावाच्या नातवासाठी, छोट्या बहादूरसाठी. तलवार बाईच्या हाती, पण गादी मुलाची. आणि तिघींचाही शेवट युद्धातच. हा इतिहास खोटा नाही. पण नायिका म्हणून अशाच बायका आपल्याला आधी आठवतात, ही निवड आपली आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन चांदबिबीने तह केला, राज्य वाचवलं. १६०० मध्ये किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने पुन्हा बोलणी आरंभली, तेव्हा फितुरीचा आळ घेऊन तिच्याच माणसांनी तिला मारलं. माझ्या मते तिची खरी थोरवी या मुत्सद्दीपणात आहे. तलवारीपुढे ती झाकली जाते.

अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. १९४१ मध्ये कॉमिक्समध्ये वंडर वुमन अवतरली, ऐन महायुद्धात. ताकदीत कुणालाही हार न जाणारी. तरी १९४२ मध्ये वीरांच्या संघटनेत तिला पद मिळालं ते चिटणिसाचं. पुरुष मोहिमेवर गेले, ती कचेरीत टिपणं ठेवत राहिली.

नगरच्या वाचकांनी सलाबतखानाच्या कबरीला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणताना मुलांना तिच्या तहाचीही गोष्ट सांगावी. पुढच्या भागात चौंडीच्या अहिल्याबाई : १७६७ ते १७९५ राज्य केलेल्या बाईला चित्रकथेने कसं रंगवलं, ते पाहू.