काडतूस ‘सुधारलं’ म्हणजे रायफल जास्त जोरात मारते का?

सुरत : मोबाइलवर परदेशातल्या रायफलींचे व्हिडिओ पाहणाऱ्या लायसनधारकांना एक शब्द वारंवार ऐकू येतो, ‘इम्प्रूव्ह्ड’. तेच काडतूस, तीच गोळी, फक्त पितळी पुंगळीचा आकार थोडा बदललेला. आणि दावा असा की गोळी कितीतरी जोरात सुटते. घरी .315 किंवा .30-06 बोअरची रायफल असलेल्याच्या मनात मग येतंच, की आपल्यालाही असं करून घेता येईल का. फायदा आहे, पण सांगितला जातो त्यापेक्षा बराच कमी. आणि भारतात तो मिळवायला जाणं सरळ जेलच्या वाटेवरचं काम आहे.

आधी हा प्रकार काय ते पाहू. कारखान्यात नियमित बनत नाही, कुणा कारागिराने मूळ काडतुसात फेरफार करून काढलेलं काडतूस म्हणजे ‘वाइल्डकॅट’. शब्दशः रानमांजर. यात सर्वांत गाजलेलं नाव अमेरिकन बंदूक कारागीर पी. ओ. ॲक्ली (1903–1989) यांचं. जुन्या काडतुसांची पुंगळी बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते आणि तिचा खांदा उतरता असतो. ॲक्लींनी पुंगळीच्या भिंती जवळपास सरळ केल्या आणि खांदा 40 अंशांपर्यंत उभा केला. त्यामुळे लांबी तीच राहूनही आत जास्त दारू मावते. सोय अशी की रायफलीचं चेंबर त्या मापाचं कापलं की नेहमीचं काडतूसही त्यात चालतं. बार उडाला की पुंगळी फुगून नव्या आकाराची होते. तीच पुंगळी पुन्हा भरायची, की झालं ‘इम्प्रूव्ह्ड’.

आता हिशोब. पुंगळीत 8 टक्के जागा वाढली तर वेग 8 टक्के वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. दाब तेवढाच ठेवला तर जागा जितके टक्के वाढते, त्याच्या साधारण चौथा हिस्सा वेग वाढतो, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे 8 टक्के जागेला 2 टक्के वेग. .30-06 मधून 180 ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण 820 मीटर वेगाने निघते. सुधारून ती 836 वर जाईल. तीनशे मीटरवर गोळी दोनेक सेंटिमीटर कमी खाली येईल, इतकंच. नळी दोन इंच लांब असली तरी जवळपास एवढाच फरक पडतो. आणि वाढीव दारूची किंमत नळीच्या आतली झीज वाढून मोजावी लागते, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

मग मोठे आकडे येतात कुठून? बहुतेक वेळा दाबातून. .280 रेमिंग्टन हे काडतूस 1957 मध्ये आलं. त्याची अमेरिकेतली कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला 60 हजार पौंड. त्याचाच ॲक्ली अवतार 2007 मध्ये अधिकृत मापात आला, तेव्हा मर्यादा 65 हजार ठरली. (मोटारीच्या टायरमध्ये हवा असते तीस-पस्तीस पौंडांची, यावरून अंदाज यावा.) म्हणजे दोघांच्या वेगाची तुलना करताना आकाराचं श्रेय किती आणि दाबाचं किती, हे वेगळं काढावं लागतं. ‘सुधारणे’च्या नावावर जमा होणारी बरीच रक्कम खरं तर दाबाच्या खात्यातली असते.

काही जुन्या काडतुसांना मात्र खरा लाभ होतो. .22 हॉर्नेट, .250 सॅव्हेज, .257 रॉबर्ट्स यांच्या पुंगळ्या जास्त निमुळत्या असल्याने तिथे जागा बरीच वाढते. शिवाय कारखाने ही काडतुसं जुन्या, कमी ताकदीच्या रायफलींचा विचार करून मवाळ भरत आले. दुसरा फायदा हातभरणी करणाऱ्यांना, कारण सरळ भिंतींची पुंगळी कमी ताणली जाते आणि जास्त वेळा वापरता येते.

आकार, दाब आणि नळी यांचं गणित मोठ्या मापात पाहायचं तर सुरतजवळच्या हजिऱ्याचं उदाहरण चांगलं. एल अँड टीच्या तिथल्या कारखान्यात के-9 वज्र ही 155 मिलिमीटरची तोफ तयार होते. 2017 च्या करारातल्या 100 पैकी शेवटची तोफ फेब्रुवारी 2021 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत बाहेर पडली. डिसेंबर 2024 मध्ये सुमारे 7,629 कोटींचा नवा करार झाला. या तोफेची नळी 52 कॅलिबरची, म्हणजे लांबी 155 मिलिमीटरच्या 52 पट, आठ मीटरहून थोडी जास्त. प्रमाणित मापात 39 कॅलिबरच्या तोफेचं चेंबर 18 लिटरचं, 52 कॅलिबरचं 23 लिटरचं. जागा 28 टक्के वाढली. वेग सेकंदाला साधारण 827 मीटरवरून 945 वर, म्हणजे 14 टक्के. ठोकताळा फक्त 7 टक्के सांगतो. उरलेली वाढ आली मुख्यतः एक तृतीयांश लांब केलेल्या नळीतून. इथे नुसतं चेंबर मोठं करून कुणी थांबलेलं नाही. नळी, लोखंड, दारू, सगळी तोफच त्या हिशोबाने बांधलेली आहे.

घरच्या रायफलीत नेमकं हेच होत नाही. आपल्याकडची .315 पाहा. इंग्रजांनी लष्करी .303 बोअर सामान्य माणसाला बंद केला, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाचा हा भाऊ इथे रुजला. पुंगळी जुनी, निमुळती. कागदावर सुधारायला अगदी आयती. पण ईशापूरची .315 ली-एनफिल्ड घाटाची आहे. तिच्या बोल्टची पकड मागच्या बाजूला, त्यामुळे दाब वाढला की बोल्ट आणि बॉडी ताणली जाते. ज्या काडतुसात वाव जास्त दिसतो, त्याचीच रायफल जादा दाबाला कच्ची. चेहऱ्यापासून चार बोटांवर हा सगळा खेळ चाललेला असतो.

कायद्याचं तर विचारूच नये. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदूक किंवा काडतूस बनवणं, बदलणं, एवढंच काय दुरुस्त करणं, यालाही वेगळा परवाना लागतो. घरात रायफल ठेवायचं लायसन त्याला चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. महाराष्ट्र असो की गुजरात, कायदा केंद्राचा, दोन्हीकडे एकच. ‘चेंबर थोडं घासून देतो’ म्हणणारा बिनपरवाना कारागीर आणि रायफल देणारा मालक, दोघेही त्यात अडकू शकतात.

जुनी रायफल अधिकृत विक्रेत्याकडून घेताना नळीवर कोरलेला बोअर आणि लायसनवरचा बोअर जुळतो का ते आधी पाहावं. शक्य असेल तर रेंजवर उडवलेली एखादी पुंगळी नव्या काडतुसाशेजारी धरावी. किंचित फुगवटा सगळ्याच पुंगळ्यांना येतो; पण खांदा उभा आणि भिंती सरळ झालेल्या दिसल्या, तर त्या चेंबरला आधी कुणाचा तरी हात लागलेला आहे.