पेटीतला जुना रुपया लिलावात काढताना

घरातील जुन्या पेटीत किंवा देव्हाऱ्यातील तबकात एखादे जुने नाणे सापडते आणि अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे कुठेतरी ऐकिवात येते. इंटरनेटवरील लिलावामुळे हे नाणे दूरदूरच्या संग्राहकांपुढे मांडणे सोपे झाले आहे. मात्र ज्या वाटेने संग्राहक येतो, त्याच वाटेने भामटाही येतो. त्यामुळे नाणे विक्रीस काढण्यापूर्वी या व्यवहाराची रीत समजून घेणे अगत्याचे ठरते.

आधी ओळख, मग किंमत

जुने ते सारेच मौल्यवान, हा समज चुकीचा आहे. शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची शिवराई त्यांच्यानंतरही, अगदी पेशवाईतही पाडली जात होती. त्यामुळे बऱ्याचशा शिवराया आजही माफक किमतीत मिळतात. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे आणि म्हणूनच बनावट होनही पुष्कळ आढळतात. ब्रिटिश अमदानीतील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असे. १९४० पूर्वीच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली. सर्वत्र आढळणाऱ्या सालाच्या, झिजलेल्या रुपयाला बहुधा चांदीच्या भावाच्या आसपासच किंमत येते. १९३९ सालचा रुपया मात्र दुर्मीळ मानला जातो. त्यामुळेच दुसऱ्या सालाच्या नाण्यावरील अंक कोरून बदलण्याचे प्रकारही घडले आहेत. १८१८ साल आणि रामदरबार असलेले 'ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे' तर कंपनीने कधी पाडलेच नव्हते.

नाण्याची स्थितीही किमतीत मोठा फरक पाडते. जाणकार १ ते ७० अशा श्रेणीत तिचे मूल्यमापन करतात. चिंच, लिंबू किंवा पावडर लावून नाणे लख्ख केल्यास त्याचा मूळ पृष्ठभाग जातो आणि किंमत घसरते. नाणे आहे तसेच ठेवावे, कडेला धरून हाताळावे आणि विक्रीपूर्वी नाणेतज्ज्ञाला दाखवावे.

दुसरी बोली महत्त्वाची

ऑनलाइन लिलावात अनेकदा खरेदीदार आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाची मर्यादा २० हजार आणि दुसऱ्याची १५ हजार असेल, तर भाव १५ हजारांच्या एक टप्पा पुढे जाऊन थांबतो. दुसरा इच्छुक नसेल, तर नाणे प्रारंभिक किमतीलाच जाऊ शकते. म्हणजे विक्रेत्याला मिळणारी रक्कम दुसऱ्या क्रमांकाचा इच्छुक ठरवतो. हा दुसरा इच्छुक यावा यासाठी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, अचूक वजन, व्यास आणि दोषांचा प्रामाणिक उल्लेख आवश्यक असतो. नाणे पडत्या भावात जाऊ नये म्हणून किमान राखीव किंमत ठरवता येते. अंतिम बोलीतून दलाली आणि अन्य शुल्क वजा होते, हेही लक्षात घ्यावे.

दुर्मीळ वस्तूचा भाव चढतच राहील, याचीही खात्री नसते. ब्रिटिश गियानाचे १८५६ मधील एक सेंटचे जगातील एकमेव ज्ञात तिकीट २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरला विकले गेले. २०२१ च्या लिलावात त्याच तिकिटाला सुमारे ८३ लाख डॉलरच आले.

कायद्याची मर्यादा

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुने नाणे पुरावस्तू ठरू शकते. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. त्यामुळे परदेशी ग्राहकाची बोली सर्वांत मोठी असली, तरी असे नाणे त्याच्याकडे रवाना करणे गुन्हा ठरतो. शेतात किंवा पायाच्या खोदकामात जुने धन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते परस्पर विकता येत नाही.

पैसे कोण कोणाला देतो?

'तुमचे नाणे पाच लाखांना घेतो. आधी नोंदणी शुल्क, मग कर भरा,' असे सांगून अनेकांना गंडवले गेले आहे. भामटे रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही वापरू लागल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जनतेला सावध केले. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले.

प्रत्येक विक्रेत्याला ही फसवणूक ओळखण्याची सोपी खूण आहे. अनोळखी ग्राहक विक्रेत्याकडेच आधी पैसे मागू लागला, की व्यवहार तेथेच थांबवावा. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही की क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. 'पैसे पाठवले' असा निरोप आला, तरी रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेकडून करून मगच नाणे विमा उतरवून पाठवावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी गेलेली रक्कम गोठवणे अवघड होते.