मालाची ख्याति व पहिलें गिऱ्हाईक

नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे कै. दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं ‘पटेल-३’ धानांतील निराळ्या लोंबी वेंचून नवें बियाणें सिद्ध केलें. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं तें पेरलें, वाखाणलें, व जाहिरातीवांचून तें दूरवर पसरलें. मात्र नांव पडलें ‘एचएमटी’ घड्याळाचें!

भ्रमणध्वनीवर गिऱ्हाईक जोडूं इच्छिणाऱ्या बंधूंनीं यांतील दोन्ही गोष्टी ध्यानांत धराव्या. प्रथम आपला तांदूळ खाल्लेल्या दहावीस घरांचाच, त्यांच्या संमतीनें, व्हॉट्सअ‍ॅप गट करावा. रोवणी, कापणी, भरडाई यांचीं छायाचित्रें नेमानें पाठवावीं. भाव व वजन खरें सांगावें. त्यांच्याच शिफारशीनें गट वाढेल. परंतु प्रत्येक पिशवीवर व छायाचित्रावर आपलें व गांवाचें नांव असावें. कीर्ति एकदां दुसऱ्याच्या नांवें चढली, म्हणजे तिचा फेरफार होणें कठीण.